बंदी फक्त दप्तराला

शाळेत फोनला मनाई असावी का, या वादात आता फारसा दम उरलेला नाही. फ्रान्सने २०१८ सालीच कायदा केला, ब्राझीलने २०२५ मध्ये मधल्या सुट्टीतही फोन नको म्हटलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला. सरसकट बंदी व्यवहारात टिकणार नाही. मुलांनी फोन आणला तर शाळेने शक्य तिथे तो जमा करून घ्यावा, वर्गात वापरू देऊ नये. क्लासवरून अंधार पडल्यावर एकटी परतणारी मुलगी ज्यांच्या घरात आहे, त्यांना सरसकट बंदी का नको, हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण बंदीने साधतं काय? इंग्लंडमधल्या शाळांचा एक अभ्यास २०१५ साली आला. फोनबंदीनंतर गुण वाढले ते मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फरक पडला नाही. पुढे २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० शाळा तपासल्या. कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. दिवसभरातला एकूण वापरही जवळपास सारखाच. म्हणजे शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघतो. तरीही मी बंदीच्या बाजूने आहे, आणि ती गुणांसाठी नव्हे. मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणं, भांडणं, कुणाची तरी टिंगल करून मग पस्तावणं, हे सगळं समोरासमोर व्हावं, एवढ्यासाठी.

आपल्याकडे मात्र प्रश्न मुळात वेगळा आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे; पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन साधारण तिघांत एकाकडेच. उरलेल्यांच्या हातात असतो तो आईचा किंवा बाबांचा फोन, तोही संध्याकाळी. शाळेच्या फाटकावर झडती घेऊन त्या फोनचं काय होणार?

शिवाय तो फोन संध्याकाळी मुलाच्या हातात देते कोण? बरेचदा शाळाच. गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर, सूचना ग्रुपवर, स्पर्धेचा व्हिडिओ करून पाठवा तोही ग्रुपवर. ‘अभ्यास बघतोय’ या वाक्याला आईकडे उत्तर नसतं, कारण ते अर्धं खरं असतं. गुरुजींचीही सुटका नाही. पोषण आहाराची रोजची माहिती ॲपवर, कार्यक्रमाचे फोटो वर पाठवायचे. फळ्यासमोर उभा माणूस खिशातून फोन काढतो आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला तो काढू नकोस म्हणतो. मुलं हे बघत असतात.

म्हणून मला फ्रान्सपेक्षा सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव जास्त शिकवतं. कोविडनंतर मुलं पुस्तकाला हात लावेनात, तेव्हा २०२२ मध्ये महिलांच्या ग्रामसभेत भोंगा बसवायचं ठरलं. संध्याकाळी सातला तो वाजला की साडेआठपर्यंत घराघरातले मोबाइल आणि टीव्ही बंद. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघरी फिरून बघत. या नियमात आईची मालिका होती, वडिलांच्या बातम्या होत्या. शहरातल्या सोसायटीत असा ठराव मांडून पाहा. मुलांच्या फोनबंदीला हात वर करणारे किती पालक सातच्या भोंग्यालाही हात वर करतील, ते त्याच सभेत कळेल.