कीचकाचा दृष्टांत

आमच्या बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी एका गावी सप्ताहात माझे एक कीर्तन ठरलेले असे. काही वर्षांपूर्वी तेथे विराटपर्वातील कीचकाचा दृष्टांत दिला. आम्हां वारकऱ्यांच्या कीर्तनात नारदीय पद्धतीप्रमाणे आख्यान लावीत नाहीत, हे वाचकांस ठाऊकच आहे. अभंग सोडवावयाचा आणि सोडविता सोडविता दृष्टांत द्यावयाचा, इतकेच. राजाचा मेहुणा या एकाच जोरावर कीचक कसा मातला होता, भर सभेत त्याने सैरंध्रीला लाथ मारली तेव्हा विराट राजा कसा गप्प बसला, आणि राजा गप्प म्हणून सभाही कशी गप्प बसली, एवढेच मी बोललो. नाव कोणाचे घेतले नाही. वाळूचे काढले नाही, ट्रॅक्टरचेही काढले नाही. पण मंडपात मागच्या बाजूला हशा पिकला आणि पुढे लोडाला टेकून बसलेल्या एका वजनदार गृहस्थांचे तोंड उतरले. रात्री पंगत उठल्यावर गावचे दोघे जण जवळ येऊन हळूच म्हणाले, "महाराज, तेवढं कीचकाचं पुढच्या साली नको." पुढच्या साली कीचकही नको झाला आणि मीही नको झालो. बोलावणेच आले नाही.

ही तक्रार नव्हे. कीर्तनकाराला एक गाव बंद झाले तर दुसरे उघडते. परंतु त्या रात्रीपासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. सत्तेवर असलेल्या माणसाला कथेतून, नाटकातून, गाण्यातून डिवचण्याचा अधिकार माणसाला आहे काय? असल्यास त्याला काही मर्यादा आहे काय? हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा या विनोदकाराने तेव्हाचे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर एक विडंबनगीत म्हटले, तर मुंबईत खार येथे ज्या जागेत तो कार्यक्रम झाला होता ती जागाच कार्यकर्त्यांनी फोडली. खुर्च्यांनी काय गुन्हा केला होता, देव जाणे! ते गीत मला रुचले नाही. पण ते रुचणे न रुचणे हा वेगळा विषय आहे, हे मला फार पूर्वी एका गुरुजींनी शिकविले. ते कसे, ते आधी सांगतो.

१९८० च्या सुमारास मी पुण्यास पाठशाळेत शिकत होतो. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' पाहण्यास आम्ही दोघे विद्यार्थी चोरून गेलो. हे नाटक १९७२ साली प्रथम रंगभूमीवर आले. थोडेच प्रयोग झाले आणि ज्या संस्थेने ते बसविले तिनेच ते थांबविले. मग नव्याने स्थापन झालेल्या थिएटर अकादमीने ते हाती घेतले. त्यात कीर्तन आहे आणि त्याच कीर्तनाच्या अंगाने लावणीही आहे. पेशवाईचा कारभार वाहणारे नाना फडणवीस त्यात नाचताना दिसतात. माझे टाळके फिरले. ज्या कीर्तनाला माझ्या वडिलांनी जन्म वाहिला त्याची ही थट्टा! मी अर्ध्यातून उठून आलो आणि दुसऱ्या दिवशी पाठ चालू असताना म्हणालो की असल्या नाटकावर बंदी पाहिजे. तसे म्हणणारा मी एकटा नव्हतो. त्याच वर्षी ही मंडळी परदेश दौऱ्यास निघाली तेव्हा मोठा विरोध झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

नाटक चोरून पाहिल्याबद्दल गुरुजी रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "भरताचा पहिला अध्याय काढ." मी नाट्यशास्त्र काढले. त्यात कथा अशी आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पृथ्वीवरचा नव्हे, स्वर्गातलाच पहिला प्रयोग झाला. विषय कोणता? देवांनी दैत्यांचा पराभव केला तो. दैत्य प्रेक्षकांत होतेच. त्यांना ते लागले. विरूपाक्षाला पुढे करून विघ्ने उठली आणि त्यांनी नटांची वाणी, चालणे आणि स्मरण ही तिन्ही जखडून टाकली. म्हणजे पाहा, जगातला पहिला प्रयोगच उधळला गेला! इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांना झोडपले, तरी ती पुरती हटेनात. पुढे विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले, जागोजाग रक्षक देवता बसविल्या. इतके झाल्यावर देव ब्रह्मदेवाला म्हणाले की आता सामोपचाराने घ्या. ब्रह्मदेवाने दैत्यांना विचारले, "का रे बाबांनो, नाटकाचा नाश का करता?" विरूपाक्षाने तक्रार मांडली, आणि ती खोटी नव्हती: देवांच्या इच्छेखातर तुम्ही हा खेळ केला आणि त्यात आमचा अपमान झाला, देव तुम्ही निर्माण केले तसे आम्हीही तुमचेच. ब्रह्मदेवाने त्याला झिडकारले नाही. राग सोडा, असे म्हणून त्याने समजूत घातली की हा खेळ एकट्या देवांचा किंवा एकट्या तुमचा नाही. तिन्ही लोकांत जे जे घडते त्याचे हे अनुकरण आहे.

गुरुजी म्हणाले, "काल तू विरूपाक्ष झालास. त्याचा अपमान झाला हे खरे. पण नटाची जीभ जखडण्याचा हक्क त्यातून निघत नाही." आणि मी पोथी बांधू लागलो तेव्हा पुढे म्हणाले, "शेवटचा अध्यायही कधीतरी वाच. आज नको." त्या शेवटच्या अध्यायाचे पुढे येईलच.

आता कीचकाकडे वळू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले. त्यांचे 'कीचकवध' १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली, त्यात इंग्रजाचे नाव कोठेही नाही. पण पाहणाऱ्या पोरालाही कळे की कीचक म्हणजे बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे ही भूमी, धीर धर म्हणणारा कंक म्हणजे मवाळ, आणि स्वयंपाकघरात हात चोळीत बसलेला बल्लव म्हणजे जहाल. १९१० च्या आरंभी मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. विराटपर्व मात्र घरोघर वाचले जात होते, त्यावर बंदी नव्हती. मला यात मोठी मौज वाटते. सरकारने बंदी घातली म्हणजे काय केले? कीचक आम्हीच, असे सही-शिक्क्यानिशी लिहून दिले! सिंदफणेकाठच्या त्या गृहस्थांचेही तेच झाले. मी नाव घेतले नव्हते. ते त्यांनी स्वतःच घेतले.

परंतु येथे थांबलो तर ती लबाडी होईल. बंदीच्या महिनाभर आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशकास विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. हा कान्हेरे आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादेस शिकत होता. सरकारचे म्हणणे असे की असल्या नाटकांनीच पोरांची डोकी फिरतात. आता गंमत अशी की त्या रात्री जॅक्सन पाहावयास आला होता ते देवलांचे 'शारदा', म्हणजे म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर बांधू नये असे सांगणारे नाटक. 'शारदे'वर कोणी बंदी घातली नाही. तेव्हा नाटकाने खून होतो हे काही सिद्ध होत नाही.

पण नाटकाने काहीच होत नाही, असे तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू? चिरोल नावाच्या इंग्रज लेखकाने १९१० सालीच आपल्या पुस्तकात 'कीचकवधा'च्या प्रयोगाचे वर्णन दिले आहे. (याच पुस्तकाबद्दल टिळकांनी पुढे विलायतेत त्याच्यावर बदनामीचा दावा लावला, आणि ते हरले.) कीचकाची कृत्ये पाहताना पुरुषांचे चेहरे कसे ताणले जात, सैरंध्रीच्या विनवणीने बायकांचे डोळे कसे चमकत, धर्मराजाच्या मवाळपणाचा त्यांना कसा तिटकारा येई, हे त्यात आहे. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली ही साक्ष मला खरी वाटते. शब्द काम करतात. करीत नसते तर मी चाळीस वर्षे दोन दोन तास उभा राहून कशासाठी ओरडलो? तेव्हा "अहो, ही तर नुसती कला आहे, मनावर घेऊ नका," असे म्हणून अंग काढून घेणाऱ्याचे मला पटत नाही. डिवचायचे तर डिवचले असे म्हणावे आणि समोर उभे राहावे. खाडिलकर उभे राहिले. १९२९ साली 'नवाकाळ'मधल्या लिखाणासाठी ते राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले.

आमच्या संतांनी हे डिवचणे टाळले असे कोणी समजू नये. पैठणास नाथबाबांनी फारसी कचेरीतल्या अर्जाचा घाट घेऊन 'अर्जदस्त' लिहिले. शरीर हेच एक गाव, त्याचा कारभार बिघडलेला, आणि त्याबद्दल धन्याकडे केलेला हा अर्ज. परमार्थ आहेच, पण त्या काळी कचेरीचे उंबरठे झिजविलेला शेतकरी ते ऐकून काय म्हणून हसत असेल? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या काही गोड बोलण्यामुळे नव्हेत. आणि ज्या रामेश्वर भटांमुळे त्या बुडाल्या तेच पुढे तुकोबांचे झाले. तुकोबांनी त्यांची पोथी बुडविली नाही. निजामाच्या अमलात सभेला परवानगी लागे, मिळतही नसे. वडील सांगत की त्या काळात कंस आणि रावण यांचे दृष्टांत कीर्तनात फार वाढले होते! पोलीस पाटील पुढे बसून मान डोलावी. त्याला कळत नसे, का कळूनही तो डोलवी, हे वडिलांना शेवटपर्यंत उमगले नाही.

असो. शेवटचा अध्याय राहिला.

गुरुजींनी सांगितलेला तो अध्याय मी विसरूनच गेलो होतो. कीर्तनात हशा पिकविण्याची एकदा चटक लागली की सुटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोवर माझा एक विनोद होता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती दिवाळीआधीच उडवायची, मग बायको कोयता घेऊन पुढे आणि नवरा झिंगत मागे, असा काहीसा. नक्कल करून सांगत असे. कडा, शिरूर, धारूर, सगळीकडे मंडप डोक्यावर घेत. एके ठिकाणी कीर्तन संपल्यावर पाया पडायला रांग लागली, तीत एक बाई आली. हाताला कोयत्याचे घट्टे. पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "आमी नाई हसलो महाराज. पर आमचे लेकरं हसले."

एवढेच बोलून ती गेली. त्या रात्री झोप नाही. लेकरे आईबापाला हसली, आणि हसविले कोणी? मी. त्या विनोदात मुकादम नव्हता, कारखाना नव्हता, उचल फेडता फेडता जाणारे आयुष्य नव्हते. गृहस्थांचे तोंड उतरले तेव्हा मी मनातून सुखावलो होतो, मग हे मला का झोंबले? दोघेही दुखावले गेले. राग दोघांनाही आला. पण ते कीचक होते, आणि ही सैरंध्री होती. आणि भर सभेत लाथ मारणारा या वेळी मी होतो. तिने मंडप मोडला नाही की मला गावबंदी केली नाही. तसे करण्याचे बळही तिच्यापाशी नव्हते, हे मला तेव्हा कळले.

सकाळी नाट्यशास्त्राचा शेवटचा अध्याय उघडला. भरताचे शंभर पुत्र नाट्यविद्येत निपुण झाले, मातले, आणि प्रहसनातून ऋषींची थट्टा करू लागले. ऋषींनी शाप दिला. पहिल्या अध्यायात ज्या नटांना देवांनी वाचविले, त्याच नटांना शेवटच्या अध्यायात शाप! पाठशाळेत असतो तर मी म्हणालो असतो, ऋषी मोठे, त्यांना हसू नये, हा याचा अर्थ. आता तसा अर्थ मला लावता येत नाही. ऋषींच्या हातात शाप होता, म्हणून त्यांची कथा ग्रंथात आली. ज्यांच्या हातात शापही नाही, त्यांची थट्टा ग्रंथात येत नाही, एवढाच फरक मला दिसतो.

गुरुजी आज असते तर विचारले असते. ते नाहीत.

कीचकाचा दृष्टांत मी आजही देतो. बोलावणे बंद झाले तर होवो. आणि अजूनही कुठे कुठे तरुण मंडळी आग्रह धरतात, "महाराज, तो उचलीचा विनोद होऊ द्या की!" वीणा हातात असताना खोटे बोलू नये हे ठाऊक असूनही मी त्यांना सांगतो, बाबांनो, वय झाले, तो मी विसरलो.