रिकामे आसन आणि चार तोफा



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. असरची नमाज आटोपली, लोक पांगले आणि एक तरुण माझ्यापाशी येऊन थांबला. अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाला शिकणारा, पाच वेळच्या नमाजचा पाबंद, स्वभावाने अबोल. "मौलाना, एक मसला विचारायचा होता," असे म्हणून त्याने मोबाइलवरील एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन या लढाऊ विमानाची ती प्रतिकृती होती. बाल्सा लाकूड आणि फोम यांपासून दोन वर्षे खपून त्याने ती स्वतः घडवली होती. गावाबाहेरच्या माळावर उभे राहून, हातातील रिमोटच्या साहाय्याने तो ती आकाशात उडवत असे. विमान सर्वांगाने हुबेहूब होते, फक्त काचेच्या छताखालचे आसन रिकामे होते. तिथे वैमानिकाचा छोटा पुतळा बसवण्याचा त्याचा विचार होता. ते जायज आहे की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते.

मी दोन वाक्यांत उत्तर दिले. सजीवाची प्रतिमा घडवणे शरीअतला पसंत नाही, आणि शौकासाठी तर मुळीच नको. तो "जी" म्हणाला आणि वळला. पायऱ्यांशी पोहोचल्यावर मात्र थांबला. त्याने शांतपणे विचारले, "मौलाना, माणूस नको म्हणालात. तोफा राहू देऊ ना?"

वाचकहो, त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या छायाचित्रात पंखांतून पुढे आलेल्या चार तोफा मीही पाहिल्या होत्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात प्रश्नदेखील उठला नव्हता. माणसाचा चेहरा मला खटकला आणि माणसाला मारणारे शस्त्र खटकले नाही. हे असे का झाले, याचा शोध घेताना जे सुचले ते आपल्यापुढे ठेवतो. हा फतवा नव्हे. फतव्यासाठी आपापल्या मसलकाच्या जाणत्या मुफ्तींकडे जावे. हे केवळ एका प्रश्नावरील चिंतन आहे.

प्रथम त्या तरुणाची अडचण समजून घेऊ. अशा प्रतिकृतीत प्रमाणाला फार महत्त्व असते. मूळ हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट होता. त्याची प्रतिकृती आठपट लहान, म्हणजे पाच फुटांची. त्या हिशेबाने सहा फुटांचा वैमानिक उभा केल्यास नऊ इंचांचा भरतो. कॉकपिटमध्ये तर त्याचा कमरेच्या वरचा भागच दिसतो, म्हणून पुष्कळ जण अर्धाच पुतळा बसवतात. वजनाचाही प्रश्न असतो. हरिकेनमधील वैमानिकाची जागा विमानाच्या गुरुत्वमध्याच्या थोडी मागे येते. तिथे जड पुतळा बसवला की शेपटी खाली झुकू लागते आणि तोल सावरण्यासाठी नाकात शिसे भरावे लागते. म्हणून पुतळा पोकळ किंवा फोमचा घेतात. इतका खटाटोप कशासाठी, असे आपल्याला वाटेल. पण ज्याने दोन वर्षे एकेक पट्टी जुळवली आहे, त्याला आकाशात झेपावणाऱ्या विमानात कोणीच बसलेले नाही हे दिसणे सलते. त्या सलण्याला मी पोरखेळ समजलो. ती माझी पहिली चूक.

आता शरीअतकडे वळू. प्रतिमा घडवणाऱ्यांना अंतिम न्यायाच्या दिवशी आपल्या निर्मितीत प्राण घालण्यास सांगितले जाईल, या अर्थाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यातील इशारा स्पष्ट आहे. रूप देणे माणसाच्या हातात असू शकते, रूह देणे केवळ अल्लाहच्या हाती आहे. ही मर्यादा विसरलेला माणूस आधी स्वतःच्या कसबावर भाळतो आणि पुढे आपल्याच हातच्या वस्तूसमोर झुकतो. मनाई आहे ती या घसरणीला, आणि म्हणूनच ती कठोर आहे.

पण त्याच पवित्र घरातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. हजरत आयेशा (रजि.) यांनी घरात चित्रे असलेला एक पडदा लावला होता. तो पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर नापसंती उमटली. तो पडदा उतरवण्यात आला आणि त्याच्या कापडापासून उशा बनवण्यात आल्या. दुसरा प्रसंग 'सुनन अबू दाऊद'मधील आहे. प्रेषित (स.) एका मोहिमेवरून परतले होते. वाऱ्याने एक पडदा सरकला आणि कोनाड्यातील बाहुल्या दिसल्या. त्यांच्यात एक घोडा होता आणि त्याला कापडाचे दोन पंख लावलेले होते. घोड्याला पंख कसे, असे आपण (स.) यांनी विचारले. हजरत सुलैमान (अलै.) यांच्यापाशी पंखांचे घोडे होते हे आपण ऐकले नाही का, असा प्रतिप्रश्न हजरत आयेशा (रजि.) यांनी केला. त्यावर आपण (स.) दाढा दिसेपर्यंत हसले.

पडदा उतरवला गेला आणि पंखांचा घोडा राहिला. घर तेच आणि प्रेषितही (स.) तेच. फरक त्या वस्तूच्या जागेचा आणि हेतूचा आहे. भिंतीवर मानाने मिरवणारी प्रतिमा वेगळी आणि हाताळून झिजणारे खेळणे वेगळे. याच आधारावर बहुसंख्य फुकहांनी मुलांच्या बाहुल्यांना सवलत दिली. काहींनी ती सवलतही मान्य केली नाही. मोठ्या माणसाचा शौक या सवलतीत बसतो का, याविषयी सावधगिरी बाळगण्याकडे उलमांचा कल आहे. डोके नसलेल्या किंवा चेहऱ्याची ठेवण पुसलेल्या आकृतीबाबत मात्र बऱ्याच जणांनी नरमाई दाखवली आहे. हजरत जिब्रील (अलै.) यांनी प्रतिमेचे शिर काढून टाकण्यास सांगितले, म्हणजे ती झाडासारखी होईल, या अर्थाची रिवायत त्यांच्यापुढे होती. कोकणातील आपले शाफई बंधू आणि घाटावरील हनफी बंधू यांच्या किताबांत तपशिलांचे अंतर सापडेल. तेव्हा मी दिलेले उत्तर अगदीच निराधार नव्हते, पण ते घाईचे होते. ज्या विषयावर इमामांनी पानेच्या पाने लिहिली, तो मी मशिदीच्या दारात दोन वाक्यांत निकालात काढला.

आता तोफांकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. हरिकेनच्या एका प्रकारात प्रत्येक पंखात दोन, अशा वीस मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. या तरुणाने त्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून बनवल्या होत्या. त्यांतून काही सुटत नाही, त्या निव्वळ देखाव्याच्या आहेत. शस्त्राचा आकार घडवण्यास शरीअतने मनाई केलेली नाही. उलट तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकण्यास उत्तेजन दिले आहे. मग अडचण कसली?

अडचण अशी की ज्या दीनने शस्त्राला परवानगी दिली, त्याच दीनने शस्त्रधाऱ्याला एकटे सोडले नाही. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी शामच्या मोहिमेवर फौज रवाना करताना सेनापतीला दिलेल्या सूचना इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'मध्ये नोंदलेल्या आहेत. स्त्री, बालक आणि वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, वस्ती उजाड करू नका, उपासनेसाठी एकांतात बसलेल्यांना त्यांच्या हालावर सोडा, असा त्यांचा आशय आहे. या सूचना पाळायच्या तर समोर कोण आहे हे दिसले पाहिजे. वृद्ध कोण आणि सैनिक कोण, हे डोळ्यांनी ओळखावे लागते. तलवारीच्या काळात ते शक्य होते. हजारो फुटांवरून माणूस दिसत नाही, छप्पर दिसते. आणि आता तर ज्यात कोणीच बसलेले नाही असे विमानही खरोखर युद्धात उतरले आहे. ते चालवणारा कुठेतरी दूर, पडद्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. ज्या रिकाम्या आसनाला मी निर्दोष समजलो, ते आज युद्धातील सर्वांत भयावह चित्रांपैकी एक आहे.

काही दिवसांनी मी त्या तरुणाला स्वतः बोलावून घेतले. "बेटा, त्या दिवशी तुझा प्रश्न मी पुरता ऐकलाच नाही. तुला तिथे माणूस का हवा होता?" त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "मौलाना, दोन कारणं आहेत. एक म्हणजे, माणूस नसला की ते विमान आपलं आपणच मारायला निघाल्यासारखं वाटतं. दुसरं, अशा विमानांत आपलीही माणसं होती, हे कुणाला माहीतच नाही."

त्याचे दुसरे म्हणणे खरे आहे. हैदराबादेत 1923 साली जन्मलेले इद्रिस हसन लतीफ ऐन तारुण्यात वायुदलात दाखल झाले आणि महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जाऊन हरिकेन व स्पिटफायर विमानांवर तयार झाले. पुढे त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कामगिरी बजावली. 1947 मध्ये त्यांनी भारताच्या वायुदलात राहणे पसंत केले. 1978 मध्ये ते वायुदलप्रमुख झाले आणि 1982 ते 1985 या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवे, यात शंका नाही. पण आठवण जपण्यासाठी पुतळाच हवा, असेही नाही. सहाबांचा एकही पुतळा आपल्यापाशी नाही, तरी चौदाशे वर्षे त्यांची चाल, त्यांचे हसणे, त्यांचे रडणे आपल्याला ठाऊक आहे. ते आपण ऐकून आणि सांगून जपले. हे मी त्याला सांगितले आणि त्याला ते पटले.

त्याच्या पहिल्या कारणापुढे मात्र मी बराच वेळ अडलो. चेहरा असेल तर जबाबदार कोण ते कळते, हे त्याचे म्हणणे अगदी योग्य होते. पण बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. मी विचारले, "तो पुतळा बसवलास, तर विमान कोण उडवील?" तो हसून म्हणाला, "मीच." मग म्हटले, "म्हणजे वैमानिक आहेच की. फक्त तो कॉकपिटमध्ये नाही, माळावर उभा आहे."

वाचकहो, मला वाटते मूळ मुद्दा हा आहे. फोमचा वैमानिक त्या विमानाला माणूसपण देऊ शकत नाही. त्याच्यात रूह नाही, म्हणून त्याच्याकडे जबाबही नाही. विमान लोकांच्या डोक्यावरून नेले, खाली खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर कोसळले, तर त्या पुतळ्याला कोणी विचारणार नाही. विचारले जाईल ते रिमोटवरच्या अंगठ्यांना. सूरह यासीनमध्ये सांगितले आहे की त्या दिवशी तोंडांवर मोहर लावली जाईल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. जे हात विमान घडवतात आणि उडवतात, ज्या हातांनी दूरवरच्या खोलीत बसून खरे शस्त्र सोडले जाते, त्या सर्व हातांना हे लागू आहे. पुतळा बसवून किंवा आसन रिकामे ठेवून ती साक्ष चुकवता येत नाही.

मग तोफांचे काय? त्या काढून टाक, असे मी म्हणालो नाही. ते विमान तोफांसह उडाले, हा इतिहास आहे आणि इतिहास लपवणे सचोटीचे नव्हे. मी इतकेच म्हटले, "आसन रिकामे ठेव किंवा तुझ्या मुफ्तीसाहेबांना विचारून चेहऱ्याची ठेवण नसलेली आकृती बसव. पण माळावर मुले जमतील तेव्हा त्यांना त्या नळ्या काय होत्या हेही सांग. त्यांच्यापुढे माणसे होती, हे सांग." तो काही बोलला नाही, मान हलवून गेला.

पुढच्या महिन्यात मी माळावर गेलो. आसन रिकामेच होते, आतले पट्टे मात्र नीट बांधलेले होते. तोफाही होत्या. विमान उतरले तेव्हा सातआठ वर्षांचा एक मुलगा धावत आला आणि काचेतून डोकावून म्हणाला, "दादा, यात कोणीच नाही! मग चालवतं कोण?" त्या तरुणाने रिमोट खाली ठेवला, आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले आणि पंखातल्या नळ्यांपासून सांगायला सुरुवात केली.

पालकांनो, आपल्या घरातही खेळणी येतात. त्यांतील बाहुलीचे नाक-डोळे आपण बारकाईने तपासतो, आणि तपासावेही. पण शेजारची बंदूक मूल कोणावर रोखते आणि रोखताना काय म्हणते, तिकडेही लक्ष द्या. माझ्यासारखा एखादा इमाम घाईने उत्तर देऊन मोकळा झाला, तर त्या तरुणासारखे पायऱ्यांशी थांबून दुसरा प्रश्न विचारा. त्याने अदब मोडत नाही, उलट विचारणारा आणि सांगणारा दोघांचेही भले होते.

अल्लाह आपल्या हातांना भल्यासाठी राबवो आणि ज्या दिवशी ते बोलतील त्या दिवशी त्यांची साक्ष आपल्या बाजूने करो. आमीन.