काळी रेघ कोणाची?

“बाई, आमचा मुलगा मुळात वाईट नाही हो. त्याला त्या पोराची संगत बाधली!”

शिक्षकीच्या पेशात हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. मौज अशी, की सकाळी एका मुलाची आई हे सांगून जाते आणि मधल्या सुट्टीत ‘त्या पोराचे’ वडील येऊन शब्दशः तेच सांगतात. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. दोन्ही मुले एकेकटी पाहिली, तर खरोखरच चांगली असतात. मग वाईट आले तरी कुठून?

या प्रश्नाकडे नीट पाहायला मला शिकवले ते काचेच्या मण्यांनी. शालान्त परीक्षेपुढे माझे शिक्षण गेले नाही, त्यामुळे रसायनशास्त्रावर अधिकाराने बोलण्याची माझी ऐपत नाही. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी घरच्या घरी ज्योतीवर मणी घडवते. तिच्याजवळ बसून जे पाहिले आणि पुढे कुतूहलाने जे वाचले, तेवढेच सांगते.

आपल्या मंगळसूत्रातला काळा मणी बहुधा काचेचाच असतो. पण मणी घडतो कसा, याचा विचार आपण कधी केलेला नसतो. पोलादाच्या बारीक सळईला मातीसारखा लेप लावून वाळवतात. रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरली, की तिचे टोक मधासारखे ओघळू लागते. ते सळईभोवती फिरवत गुंडाळायचे. सळई क्षणभरही थांबता कामा नये. थांबली, की मणी एका अंगाला लोंबलाच. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर चाले; आता गॅसची ज्योत असते. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर 1291 साली काचकारांच्या भट्ट्या हलवल्या गेल्या, आणि तेव्हापासून ते बेट काचेच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या रंगीत कांड्या आज जगभरचे मणी घडवणारे वापरतात.

या कांड्यांत एक हस्तिदंती रंगाची असते आणि एक पिरोजी. दोन्ही दिसायला किती सोज्वळ! हस्तिदंती कांडीचा मणी करा, तो सायीसारखा राहतो. पिरोजीचा करा, तो शरदातल्या आभाळासारखा दिसतो. पण हस्तिदंतीवर पिरोजीचा ठिपका ठेवून दोन्ही तापवा. दोन रंग जिथे भेटतात, तिथे एक काळपट रेघ उमटते. ती कोणी काढलेली नसते आणि पुसू म्हटले तर पुसली जात नाही. पिरोजी काचेत तांबे असते, हस्तिदंतीत गंधक. उष्णतेत त्यांचा संयोग होतो, आणि त्यातून जे निपजते ते काळे असते.

आता सांगा, ही रेघ कोणाची? तांब्यात काळेपणा नव्हता, गंधकातही नव्हता. तरी रेघ आहे. डोळ्यांना दिसते आहे. म्हणजे काही दोष असे असतात, की ते या माणसात नसतात आणि त्या माणसातही नसतात. ते त्यांच्या भेटीत असतात. मुलांच्या बाबतीत हे मला पटले. संसारातही हेच नाही का? दोन सालस जावा, दोन मायाळू भाऊ. पण एका माजघरात आले, की रेघ उमटते. आपण मात्र दोघांपैकी काळे कोण, याचाच निवाडा करत बसतो.

इथवर विचार सोयीचा होता. पण एकदा आमच्या शाळेतल्या आठवीच्या दोन मुलांनी सहावीतल्या एका लहानग्याला छळले. रोज त्याचा डबा हिसकावायचा, त्याच्या तोतरेपणाची नक्कल करायची. तो मुलगा शाळेत येईनासा झाला. दोघांच्या घरून ‘संगतीचे’ ठरलेले वाक्य आले. आणि मग त्या लहानग्याची आजी आली. तिने तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, “बाई, माझ्या नातवाचं चुकलं तरी काय?”

त्या म्हातारीला मी काय सांगणार होते? की दोष कोणाचाच नाही, तो भेटीचा आहे? ज्याचा डबा गेला, त्याच्या भुकेला हे तत्त्वज्ञान पुरत नाही.

इथेच काच आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होतात. आपल्यात गंधक आहे, हे काचेला कळत नाही. शेजार काळवंडू लागला म्हणून तिला बाजूला सरकता येत नाही. माणसाला दोन्ही शक्य असते. पहिल्या दिवशी त्या लहानग्याचे डोळे भरले, तेव्हा ते दोघांनीही पाहिले होते. एकाने हात मागे घेतला असता, तरी खेळ तिथेच संपला असता. म्हणून माझे मत असे झाले आहे, की ‘मुलगा मुळात चांगला आहे’ हे वाक्य खरे मानावे. पण ते उत्तर म्हणून स्वीकारू नये. ते स्वभावाविषयी आहे, आणि प्रश्न कृत्याचा आहे. जबाबदारी ही काही भाकरी नव्हे, की दोघांत अर्धी अर्धी वाटून घेता यावी. ती प्रत्येकाची पुरी असते.

कोणी म्हणेल, मग मुलांना कडक तापवावे, म्हणजे ती तावून सुलाखून निघतील. पण हा वाक्प्रचार सोनाराच्या घरचा आहे. काचेच्या घरी तो लागू पडेलच असे नाही. मुरानोत सतराव्या शतकात एक चमचमती काच निघाली. तिच्या पोटात तांब्याचे बारीक स्फटिक चांदण्यांसारखे लुकलुकतात. आपल्या बाजारात तिला संगसितारा म्हणतात. इटालियन भाषेतले तिचे नाव ‘योगायोगाने’ या अर्थाच्या शब्दांवरून पडले, आणि पुढे तशा चमकणाऱ्या नैसर्गिक दगडालाही या काचेवरूनच नाव मिळाले! या चांदण्या भट्टीतला वारा कोंडून आणि काच फार सावकाश निववून मिळतात. थेट प्रखर ज्योतीत धरली, की ती काच मंद, तपकिरी होऊन बसते. म्हणून जाणते कारागीर तिच्यावर स्वच्छ पारदर्शक काचेचे आवरण चढवतात आणि मगच ज्योतीपुढे नेतात. हस्तिदंती आणि पिरोजी यांच्यामध्येही असाच पारदर्शक थर देता येतो; मग रेघ उमटत नाही.

त्या दोन मुलांना मी वर्गापुढे उभे केले नाही. त्यांच्या जागा बदलल्या आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी, एकट्याने, त्या लहानग्याच्या घरी पाठवले. एकटा असताना माणसाला ‘तो’ म्हणून बोट दाखवायला जागा उरत नाही. लहानगा परत शाळेत आला. पण पुढे कित्येक दिवस तो डबा वर्गातच, दप्तर मांडीवर घेऊन खात असे.

याचेही मला नवल वाटले नाही. मणी ज्योतीबाहेर काढला, की तो पुरा झालासा दिसतो. पण तो तसाच उघड्यावर ठेवला, तर तडकतो, कधी कधी दिवसांनंतरसुद्धा. त्याला पाचशे अंशांच्या आसपास ऊब देत ठेवावे लागते आणि मग हळूहळू निवू द्यावे लागते. क्षमा मागितली म्हणजे सारे मिटले, अशी घाई तापवणाऱ्यांनाच असते. ज्याला आच लागली, त्याला निवायला किती वेळ हवा, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा आहे.