लॉटरी लागली तर...



मागच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्ही नेहमीची पाच-सहा मंडळी बोलत उभी होतो. सणाच्या लकी ड्रॉची कूपने नुकतीच विक्रीला आली होती, त्यावरून विषय निघाला. एकजण म्हणाला, "इथं लागून लागून काय लागणार, फ्रीज! केरळात पंचवीस कोटी लागतात. तेवढे लागले तर काय कराल ते सांगा."

मग काय, प्रत्येकाने मनातल्या मनात पैसे मोजले. एकाने घराचे कर्ज फेडले. एकीने मुलीला शिकायला परदेशी पाठवले. एकजण जेरुसलेमची यात्रा करून आला आणि उरलेल्या पैशांत त्याने चर्चचे छप्पर नवे करून दिले. छपरासाठी आणखी दोघांनी हात वर केले, तेव्हा फादरांनी निदान छपराची चिंता सोडावी. आजोबांना न्यायला आलेला अकरावीतला एक मुलगा बाजूला उभा होता. त्याला विचारले, तर तो म्हणाला, "मी गावातली उरलेली सगळी बावखलं विकत घेईन. कुणाला बुजवू देणार नाही."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते हसणे काही पचेना, कारण आमची गाडी ठेवायची शेड आणि पुढचा ओटा अर्ध्या बावखलावर उभा आहे. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी पंचवीस कोटींकडे पाहू.

केरळ सरकारच्या ओणम बंपर सोडतीत २०२२ सालच्या सप्टेंबरमध्ये तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला हे बक्षीस लागले. तिकीट होते ५०० रुपयांचे. १० टक्के एजंटचे कमिशन आणि उरलेल्यावर ३० टक्के प्राप्तिकर वजा जाता पंचवीस कोटींचे सुमारे पावणेसोळा कोटी राहतात, आणि त्यावर अधिभार पुन्हा निराळा. तरी रक्कम डोळे दिपवणारीच. परंतु आठवडा उलटला नाही तोच त्या बिचाऱ्याने लोकांना जाहीर विनंती केली की, मला जगू द्या. पैसे हातात पडण्यापूर्वीच मदत मागणाऱ्यांची रीघ लागली होती. आजारी लेकराला घेऊन त्याला घरी थांबता येईना. याहून लहान बक्षीस लागले असते तर बरे झाले असते, असे तो बोलून दाखवत होता.

ही गोष्ट ऐकून "पाहा, पैशात सुख नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. पैशात पुष्कळ सुख आहे. ज्याच्या घरी डायलिसिस चालू आहे त्याला विचारा. आम्हाला खटकले ते निराळेच. त्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांना असे का वाटले असावे की, या पैशावर आपलाही काही हक्क आहे? घाम गाळून कोटी मिळवणाऱ्या कारखानदाराच्या दारात कोणी असा जात नाही. आयत्या आलेल्या पैशाबद्दल मात्र लोकांची भावना वेगळी असते. ती नुसती हाव आहे, की तिच्यात काही तथ्य आहे?

जरा हिशेब करून पाहा. त्या सोडतीची साठ लाखांहून अधिक तिकिटे खपली. म्हणजे तीनशे कोटींहून जास्त रुपये लोकांनी खिशातून काढून दिले. त्यात रोजंदारीवरचे मजूर होते, नर्सबाई होत्या, आखातातून परतलेले होते. सरकारला महसूल मिळाला, विक्रेत्यांना कमिशन मिळाले आणि एकाला बंपर लागला. आपल्या राज्याची लॉटरीही १९६९ पासून चालत आली आहे. ख्रिस्तसभा अशा खेळांना सरसकट पाप म्हणत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे म्हणणे साधारण असे आहे की, नशिबाचे खेळ स्वतःहून अन्यायकारक नाहीत. पण स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात गेला, किंवा त्याचे व्यसन जडले, की ते नीतीला सोडून होते. एरव्ही आमच्या लकी ड्रॉचे काय झाले असते! तरीही जिंकलेल्या माणसाने एवढे तरी लक्षात ठेवावे की, त्याचे पंचवीस कोटी हे लाखो हरलेल्यांचे पाचशे-पाचशे आहेत. त्याने कोणाला फसवले नाही, त्यामुळे जक्कयासारखे चौपट परत करायचे बंधन त्याच्यावर नाही. पण "हे फक्त माझे" असे म्हणायलाही त्याला जागा नाही.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका वृद्ध जोडप्याला २०१० साली एक कोटी बारा लाख डॉलर लागले होते. पत्नीवर कर्करोगाचे उपचार चालू होते. त्यांनी नातलगांना काही दिले आणि जवळजवळ सगळी रक्कम चर्च, अग्निशमन दल, दफनभूमी, रुग्णालये अशा ठिकाणी वाटून टाकली. स्वतःसाठी काहीच घेतले नाही. आपल्याला हवे ते आपल्याजवळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला हे जमेल असे वाटत नाही. पण आपल्याला पुरेल इतके आहे, हे त्यांनी पैसे येण्यापूर्वीच ठरवलेले दिसते, म्हणून ते वाटू शकले.

आता त्या मुलाचे बावखल.

लॉटरीचा पैसा निसर्ग राखायला जाऊ शकतो, हे जगात घडते. नेदरलँड्समध्ये १९८९ पासून पोस्टकोड लॉटरी चालते. तिकिटाच्या पैशातला किमान ४० टक्के वाटा सामाजिक आणि निसर्गरक्षणाच्या संस्थांना मिळतो. तेव्हा मुलाचा विचार हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. आम्ही तो गंभीरपणे करून पाहिला. समजा, आपल्या वसईत पावणेसोळा कोटी घेऊन एखादा खरेच आला, तर काय होईल?

पहिली गोष्ट, दुसऱ्याच दिवशी बावखलांचा भाव वाढेल. दुसरी, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. तिसरी, एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा वारसांची नावे. त्यातले दोन कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात, एक भावाशी बोलत नाही. पण समजा, हे सगळे पार पडले आणि बावखले त्या मुलाच्या नावावर झाली. पुढे काय? बावखल म्हणजे नुसता खड्डा नव्हे. वाडवडिलांनी ते वाडी शिंपण्यासाठी राखले. काठावर रहाट होता, बैल फिरत होता, पाणी पाटाने केळींना, पानवेलींना, भाजीला जात होते. दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढला जाई आणि तो गाळ वाडीत खत म्हणून पडे. पावसाचे पाणी त्यात साचून जमिनीत मुरे. आपल्या किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते; वरून गोडे मुरणे थांबले आणि पंपाने उपसा वाढला, की खारे पाणी आत सरकते. टँकर भरून देणाऱ्या विहिरी कशा खारट झाल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी चाखून पाहिले आहे.

वाडी शिंपणे बंद झाले की बावखलाला काम उरत नाही. त्यात जलपर्णी वाढते, कोणी बांधकामाचा राडारोडा आणून टाकतो, डास होतात. मग शेजारीच म्हणतो, एकदाचे बुजवून टाका. म्हणजे त्या मुलाचे कोटी रुपये खड्डे विकत घेतील, पण वाडीत काम करणारी माणसे कुठून आणणार? तेच पैसे केळीला बरा भाव मिळवून देण्यात, गाळ काढण्याच्या मजुरीत, वाडी करणाऱ्या तरुणाला दोन वर्षे तग धरता येईल अशा मदतीत घातले, तर कदाचित बावखले विकत घ्यावी लागणारच नाहीत. हे त्याला सांगायचे आम्ही ठरवले आहे.

पण सांगायचे कोणत्या तोंडाने? पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या टाकण्याचे प्रसंग बरेच आहेत. मथियाची निवड चिठ्ठीने झाली, आणि क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठीही चिठ्ठ्या टाकल्या. त्याहून जुना प्रसंग यहोशवाच्या काळचा. वचनदत्त भूमी इस्राएलच्या वंशांना चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. म्हणजे लॉटरीत त्यांना जमीनच लागली! मात्र तिला अट होती. जमीन देवाची, तुम्ही तिच्यावर राहणारे पाहुणे. ती कायमची विकायची नाही, आणि पन्नासाव्या, ज्युबिलीच्या वर्षी विकलेला वतनाचा हिस्सा मूळ घराण्याकडे परत जायचा. नाबोथाने राजाला द्राक्षमळा नाकारला तो याच समजुतीने, आणि त्यासाठी तो जिवाला मुकला. २०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते. आम्ही त्यात यात्रा केल्या, पवित्र दारातून गेलो. जमिनीची अट मात्र कोणाच्या बोलण्यात आल्याचे आठवत नाही.

वसईला अशी लॉटरी लागून गेली आहे. १९८८ च्या सुमारास इथला हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. त्या मोर्च्यांत आम्हीही चाललो, घोषणा दिल्या. पण जमिनीचा भाव दहापट, पन्नासपट झाला तो आमच्या कष्टाने नव्हे. रेल्वे जवळ होती, मुंबई भरून वाहत होती, म्हणून झाला. ज्यांनी बैलामागे फिरून वाडी उभी केली ते आजोबा तर आधीच मातीत गेले होते. तिकीट त्यांनी काढले, बक्षीस आम्हाला लागले.

आमच्या घरी हे १९९६ साली घडले. वाडीची रस्त्याकडची पट्टी विकली. घर दुमजली झाले, आणि उरलेल्या जागेत सोय व्हावी म्हणून अर्ध्या बावखलावर भराव टाकला. व्यवहारापूर्वी दोन्ही आत्यांना बोलावून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या होत्या. जेवण झाले, दोघींना एकेक साडी दिली. तेव्हा सगळीकडे हीच रीत होती, आणि कोणाला काही वावगे वाटले नाही. भारतीय वारसा कायद्यानुसार १९२५ पासून ख्रिस्ती मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते असेही नाही. ठाऊक होते, म्हणूनच सह्या घेतल्या.

२०१८ च्या जुलैत वसई-विरार पट्टा पाण्यात गेला, रेल्वे बंद पडली, वीज गेली. आमच्या ओट्याला पाणी लागले तेव्हा आम्ही महापालिकेला नावे ठेवत होतो. नावे ठेवण्यासारखे पुष्कळ होते, हे खरे. पण ओट्याखाली काय आहे, हेही आम्हालाच माहीत होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकच असल्याचे म्हटले. आमच्या घरात ते शब्दशः खरे ठरले. बावखल आणि आत्या, दोघांचा वाटा एकाच कागदावर बुडाला.

बावखलाचा उरलेला अर्धा भाग अजून आहे. तो मुलगा त्याचे दोन मित्र घेऊन बघून गेला. मे महिन्यात, पाऊस येण्याआधी जलपर्णी आणि गाळ काढायचा, असे त्याच्या मनात आहे. शेड पाडली तर पूर्वीचा काठ सापडेल का, असेही त्याने विचारले. मोठ्या भावाला हे अजून सांगितलेले नाही.

थोरली आत्या आता नाही. धाकटी आत्या होळीत असते, वय ब्याऐंशी. परवा संध्याकाळी आम्ही तिच्याकडे गेलो आणि चहा झाल्यावर जमिनीचा विषय काढला. ती गप्प ऐकत होती. लहानपणी रहाटाचा बैल हाकायचे काम तिच्याकडे असे, ते तिने आधी सांगितले. आता वाटते तुझा हिस्सा तुला द्यावा, आणि थोरलीचा तिच्या मुलांना, असे आम्ही म्हणालो. ती नको म्हणेल, डोळे पुसेल, आशीर्वाद देईल, अशी आमची काहीशी तयारी होती. तिने पदर नीट केला आणि विचारले, "किती?"

आकडा आम्ही काढून नेला नव्हता. भाऊ येत्या रविवारी पुण्याहून येतो आहे, तेव्हा १९९६ चे कागद काढून बसायचे आहे.