रजेत न मावणारा प्रवास

नळदुर्गचा पाणीमहाल वर्षभर जागच्या जागी असतो, पण तो खऱ्या अर्थानं पाहायला मिळतो पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत. बोरी नदीला दगडी बांध घालायचा आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बांधायचा, हे धाडस दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास झालं. धरण भरलं की सांडव्यांवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात आणि महालाच्या सज्जातून ते पाणी समोर पडताना दिसतं. सोलापूरपासून हे ठिकाण जेमतेम पन्नास किलोमीटर. तरी तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या सोलापूरकराला विचारावं, तर त्यानं नळदुर्ग पाहिलेला असतो तो बहुधा कोरडा. दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर मे महिन्यात पाहुणे आले म्हणून. धरण कधी भरेल हे आधी सांगता येत नाही, आणि रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो.

सोलापूरच्या आसपास असं बरंच आहे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात ते हिवाळ्यात. त्याच जलाशयात बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं ते पाणी खूप आटतं तेव्हाच. एखाद्या वर्षी दिसतं, एखाद्या वर्षी दिसतही नाही. नान्नजच्या माळावरचं गवत हिरवं असताना काळविटांचे कळप पाहणं वेगळं आणि मार्चमध्ये पिवळ्या पडलेल्या माळावर पाहणं वेगळं. पाहण्यासारख्या प्रत्येक गोष्टीला तिचं स्वतःचं पंचांग आहे आणि ते नोकरीच्या पंचांगाशी क्वचितच जुळतं. निवृत्तीनंतरच्या पूर्णवेळ प्रवासाबद्दल बोलायचं तर सुरुवात इथून करायला हवी. निवृत्त माणसाकडे पैसा कमीजास्त असेल, गुडघे कुरकुरत असतील, पण वाट पाहण्याची जी मोकळीक त्याच्याकडे आहे ती चाळिशीतल्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे नाही.

दुर्दैवानं हीच मोकळीक तो सर्वांत आधी देऊन टाकतो. फंडाची रक्कम हातात आली की बारा दिवसांत सात देश किंवा नऊ दिवसांत चारधाम असा बेत ठरतो. पहाटे पाचला गजर, सहाला नाश्ता, सातला बसमध्ये. म्हणजे पुन्हा हजेरीपटच. सहल कंपन्यांना सरसकट नावं ठेवणं मात्र अन्यायाचं होईल. 1984 मध्ये केसरी आणि 2013 मध्ये वीणा वर्ल्ड सुरू झाली. अशा कंपन्यांमुळे ज्यांनी कधी पासपोर्ट पाहिला नव्हता अशी हजारो मराठी माणसं परदेश पाहून आली, एकट्यादुकट्या बायका निर्धास्तपणे घराबाहेर पडल्या. भाषेची भीती, जेवणाची काळजी, सामान उचलण्याची चिंता कुणीतरी वाटून घेतली, हे मोठं काम आहे. पहिल्या प्रवासासाठी ते योग्यच. पण पुढची पंधरा-वीस वर्षं फिरत राहायचं असेल, तर हा नमुना खर्चालाही परवडत नाही आणि शरीरालाही.

मग नमुना कुठला घ्यायचा? सोलापूर जिल्ह्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पंढरपूरच्या संत नामदेवांनी (1270-1350) ज्ञानेश्वरांबरोबर उत्तरेची तीर्थयात्रा केली. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्यानंतर नामदेव पुन्हा निघाले ते पंजाबपर्यंत. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी ते राहिले. परंपरा सांगते की वीसेक वर्षं. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबात त्यांना भगत नामदेव म्हणून मान आहे. 2015 मध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यामुळे. आज या कथेकडे भक्तीच्या नजरेनं पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण प्रवासाच्या नजरेनं पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. नामदेव घुमान बघून परतले नाहीत, तिथं थांबले. तिथल्या बोलीत बोलले, त्यांची रचना तिथल्या माणसांच्या तोंडी बसली.

असा घाई नसलेला प्रवास इतरत्रही सापडतो. जपानमधल्या सावारा गावचा साके बनवणारा व्यापारी इनो तादाताका पन्नाशीला आला तेव्हा त्यानं धंदा मुलाच्या हाती दिला, एदोला म्हणजे आजच्या टोकियोला गेला आणि स्वतःपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान असलेल्या गुरूकडे खगोलशास्त्र शिकू लागला. 1800 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो पावलं मोजत उत्तरेकडे निघाला. 1816 पर्यंत तो जपानचे किनारे मोजत होता. 1818 मध्ये तो गेला आणि त्याच्या मोजणीवरून जपानचा नकाशा 1821 मध्ये पुरा झाला.

अलीकडचं, आणि मराठी माणसाच्या जवळचं उदाहरण नर्मदा परिक्रमेचं. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा. परंपरेनं या परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. काठावरच्या गावांत सदावर्त मिळतं, म्हणजे पीठ-डाळ-मीठ असा शिधा, आणि परिक्रमावासीनं तो शिजवून खायचा. मराठी निवृत्तांची या वाटेवर वर्दळ असते. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी 2005-06 मध्ये ही परिक्रमा पायी केली. वाटेत पाहिलेली मुलं त्यांच्या मनातून गेली नाहीत, आणि पुढे त्या मध्य प्रदेशातल्या लेपा पुनर्वसन या गावी राहून तिथल्या मुलांना शिकवू लागल्या. परिक्रमा करणाऱ्या प्रत्येकानं शाळा काढावी असं कुणी म्हणणार नाही. पण पायी चालणाऱ्याला गावातलं मूल दिसतं, आणि वातानुकूलित बसमधून परिक्रमा आटोपणाऱ्याला बहुधा घाटच दिसतात, एवढा फरक लक्षात घ्यायला हवा.

आता पैशाचं. सोलापूर हे गिरण्यांचं, यंत्रमागांचं आणि विड्यांचं शहर. इथल्या निवृत्तांत महापालिकेचे आणि रेल्वेचे पेन्शनर आहेत, तसे ईपीएस-95 योजनेवर जगणारे जुने कामगारही आहेत. या योजनेतलं किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. या माणसांसमोर युरोपची जाहिरात धरणं क्रूरपणाचं वाटतं. त्यांचा प्रवास ठरतो तो एसटी आणि रेल्वेच्या भाड्यावर. एसटीनं इथं चांगलं पाऊल उचललं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो; मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांनाही निम्मं भाडं आहे. रेल्वेनं मात्र उलट केलं. साठीच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती, ती 20 मार्च 2020 रोजी कोरोनाचं कारण देऊन थांबवली गेली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, पण सवलत परत आली नाही. प्रत्येकच प्रवाशाला तिकिटात सरासरी मोठी सूट मिळते, असं उत्तर सरकारकडून दिलं जातं. हे उत्तर पटण्यासारखं नाही. वंदे भारतनं बैठकीला जाणारा माणूस आणि शयनयानातून आयुष्यात पहिल्यांदा काशीला निघालेली विडी कामगार म्हातारी यांना एका सरासरीत बसवता येत नाही. ही सवलत परत मिळायला हवी, निदान शयनयान श्रेणीत तरी आणि तीही विनाविलंब.

आणखी एका माणसाची गोष्ट या चर्चेत सहसा येत नाही. नवरा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याची बायको कधी होते? सकाळचा चहा, नातवंडांचा डबा, सासूबाईंची औषधं यांना सेवानिवृत्तीचा दिवस नसतो. पुष्कळ घरांत पतीच्या निवृत्तीनंतर तिचं काम वाढतंच, कारण आता दुपारीही घरात एक माणूस असतो. खेड्यातल्या बाईला मोकळं सोडणारी एक वाट जुन्या समाजानं ठेवली होती, ती वारीची. डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत निघालेल्या सत्तरीच्या बाईला अडवायची घरात कुणाची छाती होत नसे. आज शहरातल्या आजीला नातवंडांचा पाळणाघरासारखा आधार मानलं जातं आणि तिचा प्रवास मुलांच्या रजेप्रमाणे ठरतो. ज्या घरात आजी-आजोबा सहा महिने फिरायचे म्हणतात, तिथं पहिला बेत तिकिटांचा करून भागत नाही. मुलगा आणि सून दोघांसमोर बसून तो बोलून घ्यावा लागतो.

ज्यांचं हे जमलं, त्यांच्या बॅगा पाहण्यासारख्या असतात. त्यात सोलापुरी चादर असते, कारण ती अंथरायलाही चालते आणि पांघरायलाही. डबे असतात ते कडक भाकरीचे आणि शेंगाचटणीचे. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पार वाळवली की ती पापडासारखी कड्‌कन मोडते आणि कित्येक आठवडे टिकते. दात असलेले ती चटणी-तेलाशी खातात, नसलेले दह्यात किंवा आमटीत कुस्करून. परगावी खोली घेऊन महिनाभर राहायचं तर पहिले दोन दिवस चूल पेटली नाही तरी अडत नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवलेल्या असतात, एक पिशवी हरवली तर दुसरी असावी म्हणून. पूर्वी नोव्हेंबर आला की पेन्शनरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत परतावं लागे. 2014 मध्ये जीवन प्रमाण सुरू झालं, आणि आता मोबाईलसमोर चेहरा धरूनही तो दाखला देता येतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सोयीनं निवृत्ताला घरापासून बांधून ठेवणारा एक दोर सोडवला आहे.

अशा प्रवासाचा सराव घराजवळून करता येतो. भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या मंदिरातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हा लेख वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. मान वर करून ती अक्षरं एकेक लावायला अर्धा दिवस सहज जातो. सहलीची बस तिथं इतका वेळ थांबत नाही. एसटीनं गेलेला, परतीच्या गाडीची वेळ विचारून घेतलेला म्हातारा थांबू शकतो. अशी पाच-सात ठिकाणं वेगवेगळ्या ऋतूंत करून झाली, की आपण किती चालू शकतो, कुठलं अन्न सोसतं, जोडीदाराशी दिवसभर जमतं का, हे सगळं कळतं.

त्यानंतर लांबचं. दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. साठ वर्षं ही यात्रा पाहिलेल्या माणसानं ती एखाद्या वर्षी चुकवली तर सिद्धेश्वर रागावणार नाही. याच दिवसांत, पंजाबी पंचांगातल्या माघाच्या दुसऱ्या दिवशी, घुमानला नामदेवांच्या नावानं मेळा भरतो. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरहून थेट दिल्लीला नेते आणि तिथून पंजाबच्या गाड्या मिळतात. गुरुद्वाऱ्यांत मुक्कामाची आणि लंगरची सोय असते. जानेवारीतल्या पंजाबात थंडी हाडं गोठवणारी असते, म्हणून चादरी दोन घ्याव्या लागतील, आणि तिथल्या लोकांना चाखायला द्यायला शेंगाचटणीही थोडी जास्त.