देहतप आणि वारीची चाल

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे लागते आणि परिणामी अमृत होते. राजस सुखाची गती नेमकी उलटी. आणि झोप, आळस यांतून उपजणारे तामस सुख आरंभीही मोह, शेवटीही मोह! हा भेद आम्ही पुष्कळ कीर्तनांतून मांडला. पण खरा पटतो तो दिवेघाटात.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि सुमारे २५० किलोमीटर चालून पंढरीस पोचते. त्यात पुणे ते सासवड ही मजल मोठी लांब, सुमारे ३० किलोमीटरांची. आणि पाय थकले की मगच घाट उभा राहतो. पोटऱ्या भरून येतात. मन म्हणते, ‘पुरे झाले बुवा, मागून टेंपो येतोच आहे.’ तेवढ्यात मृदंगावर थाप पडते, दिंडीचा ठेका पायांत शिरतो, आणि नाही नाही म्हणणारा देह आणखी शंभर पावले टाकतो. मघाचे ‘पुरे’ देहाचे नव्हते, सवयीचे होते, हे त्या शंभर पावलांत कळते.

चिंचोटीकर मंडळींना हे आवर्जून सांगायचे आहे. भिवंडीचा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो तेथे तुमचे गाव, पाठीशी तुंगारेश्वराचा डोंगर. चढण दाराशी आहे, पण आता कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी लागते! अकरा महिने असे बसून काढायचे आणि बाराव्यात एकदम पायी निघायचे. मग गुडघ्याने दगा दिला की दोष प्रारब्धाला. हे काही बरे नव्हे.

कोणी म्हणतात, देह नाशवंत, त्याचे चोचले कशाला? अहो, व्यायाम हा चोचला नव्हे. चोचले मोडण्याचा तो उपाय. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे वचन तालमीच्या भिंतीवर सर्वांनी वाचलेले असते. पण ‘कुमारसंभवा’त ते कोण कोणाला म्हणतो? बटूच्या वेषात आलेले शंकर तप करणाऱ्या पार्वतीला विचारतात, की बाई, हे तप आपल्या शक्तीप्रमाणेच चालले आहे ना? त्या विचारपुशीतले हे वचन आहे. भिंतीवर अर्धेच उतरले, शक्तीचा प्रश्न ग्रंथातच राहिला. तुंगारेश्वराला जल वाहताना तोही आठवावा.

कारण दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहे. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला भगवंतांनी तामस म्हटले. छातीत दाब आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, सांध्यात कळ घुसली, आणि लोक काय म्हणतील म्हणून गडी चालतोच आहे. ही भक्ती नव्हे, अहंकार. त्याने तत्काळ बसावे, वैद्यकीय पथकाला हाक मारावी. पोटरी भरून येणे वेगळे आणि हे वेगळे.

मग माप कोणते? वारकऱ्याचे माप त्याच्या गळ्यात आहे. चढताना अभंग म्हणता यावा. चरण मध्येच तुटू लागला तर चाल जास्त झाली. आलाप घेण्याइतका दम उरला तर खुशाल पाऊल उचलावे. आणि विश्रांतीची लाज नको. पुण्यात दोन मुक्काम, मग लांब मजल, मग सासवडला पुन्हा दोन मुक्काम, अशीच सोहळ्याची रचना आहे. ताणलेला स्नायू विसाव्यातच बळ धरतो, असे आजचे वैद्यही सांगतात.

पतंजलींनी अभ्यासाच्या अटी घातल्या : दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. आमचे लोक तिसरीत पुष्कळ, दुसरीत कच्चे! चैत्र लागताच पहाटे निघावे. महामार्गाच्या कडेने नव्हे, तेथे ट्रकांची रांग असते. डोंगराकडच्या वाटेने अर्धा तास पुरे. आठवड्याआठवड्याने थोडे वाढवावे, शेवटी खांद्याला पडशी घ्यावी. पावसात धबधब्याकडे मात्र फिरकू नये. तेथे माणसे दगावली आहेत. आणि नवे जोडे घ्यायचे असतील तर आताच घेऊन पायांत मुरवावेत. सासवडला फोड आले म्हणजे कोणत्याही अभंगाने ते बसत नाहीत.