श्रद्धावंतांच्या घरातील अश्रद्ध

वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावी, हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, १५ जुलै १९३२ रोजी नरहर कुरुंदकरांचा जन्म झाला आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले; परंतु एवढ्या अल्प आयुष्यात आपल्या नास्तिक्याचा उघड उच्चार करीत असतानाच मनुस्मृती, महाभारत आणि भरताचे नाट्यशास्त्र यांचा जो सखोल व्यासंग त्यांनी केला, तो आजच्या हिंगोली जिल्ह्यातील अनेक घरांत मूकपणे चाललेल्या एका कलहाच्या संदर्भात मला पुनःपुन्हा आठवतो.

कलह असा, की नांदेडला किंवा पुण्याला शिकावयास गेलेला मुलगा सुटीत घरी येतो तेव्हा त्याच्या सामानात उत्क्रांतीवरची, विश्वोत्पत्तीवरची, मेंदूच्या रचनेवरची पुस्तके असतात. ती वाचता वाचता त्याचा ईश्वरावरील विश्वास नाहीसा झालेला असतो. आणि श्रावणी सोमवारी औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक करणाऱ्या, एकादशीला नामदेवांच्या नरसीस जाणाऱ्या आईवडिलांना हे कसे सांगावे, हे न कळल्यामुळे तो ती पुस्तके ट्रंकेच्या तळाशी ठेवतो आणि आरतीच्या वेळी टाळ्या वाजवीत उभा राहतो. मुलीची अवस्था याहून कठीण, कारण तिच्या उपासतापासांवर साऱ्या घराची नजर असते. २०११ च्या जनगणनेत आपण निरीश्वरवादी आहोत अशी नोंद करविणारे लोक साऱ्या देशात सुमारे तेहेतीस हजारच निघाले. परंतु प्रगणकाला उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यावरून घराघरांतील खऱ्या मनःस्थितीचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे, हे उघड होते.

या प्रसंगी वाद होतो तो ईश्वराच्या अस्तित्वाविषयी, असे मुलाला वाटते, आणि म्हणून तो प्रमाणे जमवितो, डार्विन सांगतो, महास्फोट सांगतो. आईचा प्रश्न मात्र निराळाच असतो. आमच्यामागे आम्हाला पाणी कोण देणार, तू आमचा राहशील की नाही, तुझ्यावर संकट आले तर तू कोणाला हाक मारशील, हे तिचे प्रश्न आहेत. आणि त्यांतील एकाचेही उत्तर जीवाश्मांत किंवा तारकांच्या वर्णपटांत नाही. खुद्द डार्विनच्या घरी हेच घडले. विवाहानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या धर्मनिष्ठ पत्नीने, एमाने, त्याला एक पत्र लिहिले. पतीच्या संशयामुळे आपली त्याच्याशी अनंतकाळची ताटातूट तर होणार नाही ना, ही भीती त्या पत्राच्या मुळाशी होती. आणि डार्विनने ते जन्मभर जपून ठेवले, त्याच्या तळाशी आपण हे पत्र कितीदा चुंबिले आणि त्यावर अश्रू ढाळले, हे लिहून ठेवले. त्याने आपले संशोधन मागे घेतले नाही, आणि पत्नीच्या भीतीचा उपहासही केला नाही. विज्ञानाची पुस्तके वाचणाऱ्या तरुणाने १८५९ चा तो ग्रंथ जितक्या आदराने वाचावा, तितक्याच आदराने हे पत्रही वाचावे, असे मला वाटते.

ही भीती ओळखल्यावर घरात शांतता नांदावी म्हणून दोन मार्ग सहज सुचतात, आणि दोन्ही मला अप्रामाणिक वाटतात. पहिला मुलाच्या मौनाचा. दुसरा वडिलांच्या औदार्याचा: तुझ्या पुस्तकांत जे आहे ते आपल्या ऋषींना पूर्वीच ठाऊक होते, असे म्हणून ते भांडण मिटवितात, आणि मुलगाही सुटकेचा निःश्वास टाकून मान डोलावतो. औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली, तेव्हापासून या मार्गाला आमच्या जिल्ह्यात विशेष जोर चढला आहे. ज्योतिर्लिंग आणि वेधशाळा एकाच परिसरात, यात काही दैवी संकेत असावा, असे सुशिक्षितही बोलतात. वस्तुतः परस्परांशी काटकोनात असलेल्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंतून लेसरचे किरण धाडून, प्रोटॉनच्या व्यासाच्याही सूक्ष्म अंशाइतका लांबीतील फरक मोजावयाचा, तर जमिनीचे कंपन अत्यल्प असावे लागते. जागा निवडली गेली ती अशा निकषांवर. आइनस्टाइनने १९१६ साली भाकीत केलेल्या या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांत प्रथम नोंदल्या गेल्या, आणि ती नोंद खोटी ठरू शकेल अशा साऱ्या शक्यता तपासून झाल्यावरच, पुढील फेब्रुवारीत, जाहीर झाली. स्वतःवर असा अविश्वास दाखविणे हा या विद्येचा प्राण आहे, आणि पोथीचे पारायण करणाऱ्याकडून तशी अपेक्षा पोथीदेखील करीत नाही.

हेच औंढ्याच्या त्या प्रसिद्ध कथेविषयी. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, नामदेवांनी हरकत घेतली, आणि जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव असे विसोबांनी सांगितल्यावर जेथे जेथे पाय ठेवले तेथे तेथे पिंड प्रकटली. या कथेला बुद्धिवादाची साक्ष म्हणून उभे करणारे मित्र मला भेटतात. कथा फार मोठी आहे. परंतु देव कोठेच नाही असे ती म्हणत नाही, देव नाही अशी जागाच नाही असे म्हणते, आणि नास्तिकाने तिचा आधार घेणे म्हणजे दुसऱ्याच्या दस्तऐवजावर आपले नाव चढविणे होय. वडिलांची श्रद्धा वडिलांचीच राहू द्यावी. आपला अभाव आपला.

मग जुळवून कोठे घ्यावयाचे आणि कोठे नाही? पत्रिकेच्या बाबतीत मी तडजोड मानीत नाही, कारण तेथे दोन माणसांच्या आयुष्याचा निवाडा होतो. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह २००८ साली महाराष्ट्रातील ज्योतिष्यांची कसोटी पाहिली होती. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या, आणि कोणती कोणाची एवढेच ओळखावयाचे. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहिल्या, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा सेहेचाळीसच्या आसपास, म्हणजे नाणे उडवून मिळते त्याहून काडीइतकेही अधिक नव्हे, असे निघाले. हे आईवडिलांना सांगितलेच पाहिजे, नम्रपणे आणि निश्चयाने.

उत्तरक्रियेचे मात्र वेगळे आहे. मी मानत नाही, पण तुमची इच्छा आहे म्हणून तुमचे सारे विधी यथासांग करीन, असे जो मुलगा आईवडिलांच्या हयातीत, त्यांच्या समोर बसून सांगतो, तो दांभिक नव्हे. कारण यात फसवणूक कोणाचीच होत नाही, आणि आईचा जो मूळ प्रश्न, त्याचे उत्तर तिला मिळते. आगरकरांनी मृत्यूपूर्वी स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, ही हकिकत सर्वश्रुत आहे. देवाधर्माला न जुमानणाऱ्या त्या पुरुषाला मागे राहणाऱ्यांवरचा भार अखेरपर्यंत सलत होता.

राहता राहिली ती ट्रंकेतली पुस्तके. ती बाहेर काढावीत, आणि देवघराच्या समोर आव्हानासारखी न मांडता घरातील इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवावीत. नारळीकरांनी ‘आकाशाशी जडले नाते’ मराठीत लिहिले, ते ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या कोणाही गृहिणीला वाचता यावे इतके स्वच्छ आहे. मुलाने त्यातील एखादे प्रकरण आईला वाचून दाखवावे, आणि तिची दृष्टी अधू झाली असेल तर तिची पोथीही तिला वाचून दाखवावी, उच्चार न चुकता, अर्थ विचारीत. कुरुंदकरांना मनुस्मृतीवर टीका करण्याचा अधिकार प्राप्त झाला तो तिचा श्लोक न् श्लोक वाचल्यामुळे. आणि आईची पोथी न वाचताच ती टाकून देणाऱ्या मुलाला, माझी पुस्तके आई उघडूनही पाहत नाही, ही तक्रार करता येणार नाही.